दोन नंबरच्या फ्लास्कचं विरजण

४ ऑगस्ट, सोमवार
ही वही नेत्रावतीनं दिली. नेत्रावती म्हणजे खटकचिंचोळीची पोरगी, आमच्या कॉलेजात बायोटेकच्या तिसऱ्या वर्षाला. लॅबमधी सगळ्यांच्या वह्या हायत. तारीख घालून काय केलं ते लिहायचं. जे वहीत न्हाई ते झालंच न्हाई, असा नियम म्हणे. मी म्हणलं, मग वीस वर्षं मी इथं फ्लास्क घासायले ते झालंच न्हाई का. ती हसली. आज वही आणून टेबलावर ठेवली.
मी चौथी शिकलेली. मराठी शाळा, आमच्या कोहिनूर गावची. इथली पोरं कन्नडवाली नाहीतर इंग्लिशवाली. आमचे विजयेंद्र सर धारवाडकडचे, त्यांचं पण कन्नड आणि इंग्लिश. म्हणजे ही वही इथं कुणाला वाचता यायची न्हाई. बरंच झालं.
ठरवलं ते: रोज लिहायचं. चिडायचं न्हाई. सरांच्या कामात तोंड घालायचं न्हाई.
सरांचं तोंड आज पण बिनमिठाच्या पिठल्यासारखं होतं.

५ ऑगस्ट
पोरांचा प्रोजेक्ट लिहून ठेवते, नंतर म्हणतील अक्काला कळत न्हाई. बोरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की दात खराब होतात, हाडं धरतात. ते ओळखायला पोरांनी जंतू केलेत. जंतूच्या आत काहीतरी नवीन बसवलंय. पाण्यात फ्लोराइड असलं की हे जंतू लाल होणार. ऑक्टोबरात बेंगलोरला स्पर्धा.
टीम: प्रशांतकुमार लीडर. नेत्रावती. भार्गवी, ती कॉम्प्युटरचं बघते. गाइड सर. आणि मी. माझं नाव अजून कुणी घेतलं न्हाई, पण मोठा कुकर मी लावते. त्यांच्या भाषेत ऑटोक्लेव्ह. तो बिघडला की सर पण माझ्याकडंच बघतात.
सात गावचं पाणी, प्रत्येक गावाचे दोन फ्लास्क. दुपारी चारला भरून हलवायच्या यंत्रात ठेवतात, गरम जागेत, सकाळी बघतात. एक नंबरचा लाल. दोन नंबरचा कोरा. रोज असंच. दूध कोमट करून ठेवलं आणि विरजण लावायचं इसरलं की सकाळी असंच दिसतं. एवढी शिकलेली पोरं, रोज इसरतात.

६ ऑगस्ट, सायंकाळी ५.४०
पोरं गेली. कालचे लाल फ्लास्क घासायला आलेले. त्यातलं ड्रॉपरभर घेऊन दोन नंबरच्या सातही फ्लास्कमधी सोडलं. ड्रॉपर उकळून घेतला होता, स्वच्छतेत मी कमी पडत न्हाई. हात लावू नका असं सांगितलंय, मी हात लावला न्हाई.
हे सरांच्या कामात तोंड घालणं होत न्हाई. हे विरजण झालं.

७ ऑगस्ट
सगळे लाल. सातच्या सात. पोरं गोळा झाली, एकमेकांकडं बघायली. सर आले, वाकून बघितलं, इंग्लिशमधी लई वेळ बोलले. त्यातलं टू आणि रेड मला कळलं. शाबासकी द्यायची सवय न्हाई माणसाला.
मी काही बोलले न्हाई. केलेलं बोलून दाखवू नये.
दुपारी सगळं ओतून टाकलं आणि परत भरलं. मोठ्या लोकांच्या कामात नासाडी फार. परत विरजण लावलं, ५.३५.

११ ऑगस्ट, सोमवार
विरजण न्हाई. सोमवारी विरजण लावायचं न्हाई आणि कुणाला द्यायचं न्हाई, आमच्या आईची रीत होती, माझी पण हाय. शेजारीण वाटी घेऊन आली तरी मी सोमवारी परत पाठवते. कॉलेज असलं म्हणून काय रीत बदलते का.
सोमवारी फ्लास्क भरायची पाळी प्रशांतची. बाकीचे दिवस नेत्रावती. ती पोरगी लई मेहनती, पण इसरभोळी. तिचं झाकायलाच मी हाय.

१२ ऑगस्ट
दोन नंबर कोरे. आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर हसले. मी घाबरूनच गेले, दात दिसले त्यांचे. प्रशांतचा वाढदिवस असेल.
संध्याकाळी विरजण, ५.३०. दोन दोन ड्रॉपर, काल राहिलेलं भरून काढायला.

१३ ऑगस्ट
लाल. सगळे गप्प. माझ्या लक्षात आलं, ही पोरं आनंद झाला की गप्प होतात.

२१ ऑगस्ट
मधले आठ दिवस लिहायला जमलं न्हाई, सुट्ट्या होत्या आणि कंबर धरली होती. विरजण मात्र चुकवलं न्हाई. कॉलेज चालू होतं त्या रोज, सोमवार सोडून. लावलं त्या तारखांपुढं बरोबरच्या टिका, शेवटच्या पानावर हायत.
सर नेत्रावतीला बोलले. कन्नडमधी बोलले म्हणून कळलं. हात नीट धुत न्हाईस, लक्ष न्हाई, तुझ्याच पाळीला कसं होतं. पोरगी मान खाली घालून उभी. मला वाटलंच होतं, दोन नंबरचं इसरते ते सरांना कधीतरी कळणार.
तिला बाजूला घेऊन सांगितलं, तू काळजी करू नको, मी हाय. तिनं माझा हात धरला. हात थंड होता तिचा.

२ सप्टेंबर
मोठी बातमी. भार्गवी वेबसाइटवर एक पान करायली. कुणी काय काम केलं त्याचं पान. स्पर्धेचा नियम हाय म्हणे, टीममधल्यानं काय केलं, बाहेरच्यानं काय मदत केली, शिकवलं कुणी, सगळं नावानिशी आणि खरं खरं लिहायचं. नुसतं आभार मानून चालत न्हाई. खोटं लिहिलं की नंबर जातो.
मी इचारलं, फ्लास्क घासणारं पण येतं का. ती म्हणाली, यायलाच पाहिजे अक्का.
घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणजे सिद्धराम, हायवेला घरापुढंच पंक्चरचं दुकान. टायर काढता काढता म्हणाले, नाव येऊन काय करायचंय. मी म्हणलं, काही न्हाई. मला नावाची हौस न्हाई. ही नवी बिल्डिंग उघडली तेव्हा दगडावर ज्यानं नारळ फोडला त्याचं नाव, रंग देणाऱ्या कंत्राटदाराचं नाव. सगळी फरशी मी पुसली. माझं नाव मस्टरमधी, रोज सही करायला. मला हौस न्हाई.
ठरवलं: नावाचा विषय काढायचा न्हाई.

३ सप्टेंबर
सरांना सहज इचारलं, पानावर माझं कुठं येणार. बघू म्हणाले.

४ सप्टेंबर
परत इचारलं. बघू.
कोहिनूरला फोन लावला, मल्लेश्वरीला. धाकटी बहीण. तिच्या फोनवर रोज लेकाचे फोटो, लेक दुबईला, लेक बुर्जाखाली, लेक बिर्याणी खायलाय. मी सांगितलं, माझं नाव इंटरनेटवर येणार हाय, जगभर बघतात. कशाला म्हणाली. मी म्हणलं, मार्गदर्शन. तोंडातून तेच निघालं. आणि खोटं काय हाय त्यात. दोन नंबरचे फ्लास्क कुणाच्या जिवावर लाल व्हायलेत.

९ सप्टेंबर
भार्गवीनं सरांनी दिलेली यादी दाखवली, वाचून पण दाखवली. पहिलं नाव सर. मग हेड. मग प्रिन्सिपल. मग संस्थेचे अध्यक्ष महादेवप्पा. मग अध्यक्षांचे भाऊ, ते नारळवाले. महादेवप्पांनी जंतू बघितला न्हाई कधी, बघितला तर दवाखान्यात जातील. माझं नाव न्हाई. सर म्हणाले म्हणे, नॉनटीचिंग शेवटी एका ओळीत.
भार्गवी म्हणाली नियम तसा न्हाई, ज्यानं केलं त्याचंच लिहायचं, मी सरांशी भांडते. मी म्हणलं, भांड, नियम म्हणजे नियम. बारीक अंगाची पोरगी, पण भांडते चांगली.
आज दोन नंबर कोरे निघाले होते, काल सोमवार. संध्याकाळी नेमानं लावलं.

१२ सप्टेंबर
आठवडाभर भाकरी, शेंगाची चटणी, दह्याचा डबा, पोरांना रोज. नावासाठी न्हाई. पोरं वाळायलीत. सरांना पण वाटी दिली. त्यांनी दही खाल्लं आणि घट्ट लागलंय म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल बोलले. मी म्हणलं, विरजणाचं आपल्याला कळतं सर. आणि मी दोन नंबरच्या फ्लास्ककडं बघून जरा हसले. त्यांना समजलं असणार. बोलत न्हाईत इतकंच.

१८ सप्टेंबर, गुरुवार
नेत्रावतीचं नाव काढलं.
सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. महिना दीड महिना दोन नंबर बिघडायलंय, फक्त हिच्या पाळीला, प्रशांतच्या पाळीला एकदा पण न्हाई. टीममधी नाव ठेवलं तर जज इचारतील. बेंगलोरला जाणार न्हाई, पानावर पण न्हाई.  तिच्या अप्पांनी गावात पेढे वाटलेत.
बिघडायलंय हा शब्द मला नीट कळला न्हाई. लाल व्हायलंय, ते बिघडलेलं कसं. सरांना कन्नड पण धड येत न्हाई.
वाईट वाटलं. दोन घास कमी गेले. मग मनात आलं, एक जागा रिकामी झाली. लिहायला नको होतं, पण वहीत न्हाई ते झालंच न्हाई, म्हणून लिहिलं.
विरजण, ५.३०. 

१९ सप्टेंबर, शुक्रवार
हे घरी लिहायले, कॅलेंडरच्या ऑगस्टच्या पानामागं. वही माझ्याकडं न्हाई.
आज प्रत्येकानं आपण काय केलं ते फॉर्मवर लिहायचं होतं. भार्गवीनं मला पण स्टुलावर बसवलं, म्हणाली अक्का तुम्ही सांगा, मी इंग्लिशमधी लिहिते. सर खुर्चीत. नेत्रावती कोपऱ्यात आपला एप्रन पिशवीत भरायली होती. मी सांगितलं, फ्लास्क घासणं. मोठा कुकर. भाकरी. मग म्हणलं, आता मेन लिही. दोन नंबरला विरजण लावणं.
भार्गवीचा पेन थांबला. "कसलं विरजण, अक्का?"
"आदल्या दिवशीच्या लाल फ्लास्कमधलं. ड्रॉपरभर. तुम्ही लोक इसरता, म्हणून रोज मीच लावते. सोमवार सोडून."
 हलवायचं यंत्र तेवढं घरघरत होतं. मला वाटलं, उपकारानं गहिवरले.
नेत्रावती पिशवी खाली ठेवून जवळ आली. "सोमवार सोडून कामून?"
मी आईची रीत सांगितली. ती तिथंच फरशीवर बसली. हसायली का रडायली ते कळंना. प्रशांत भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याच्या सोमवारच्या शाबासकीचं काय झालं ते त्याला कळलं असणार.
मग भार्गवीनं समजावलं. दोन नंबरमधी जंतू टाकायचेच नसतात. तेच पाणी, तेच सगळं, फक्त जंतू न्हाईत. ते कोरं राहिलं तरच एक नंबरचा लाल रंग जंतूनं केला हे खरं ठरतं. ते लाल झालं की सगळा दिवस वाया.
हे मला आधी सांगायला काय झालं होतं. वीस वर्षं कुणी सांगितलं न्हाई की कोरं राहणं हे पण काम असतं.
सरांनी कन्नडमधी एवढंच इचारलं, कुठल्या कुठल्या तारखेला. आवाज चढवला न्हाई, चढवला असता तर बरं वाटलं असतं. मी म्हणलं, लिहिलंय की. वही काढून दिली. शेवटच्या पानावर टिका, आणि आत तारखा, वेळेसकट.
देऊन झाल्यावर आठवलं आत अजून काय काय हाय.
नेत्रावतीनं वही उघडली आणि वाचायला लागली, मोठ्यानं, फटाफट. मी म्हणलं तुला मराठी कुठून येतं. ती म्हणाली अक्का, अक्षरं हिंदीचीच हायत, शाळेत दहावीपर्यंत होतं, आणि घरी आज्जी मराठीच बोलते. नुसत्या तारखा वाचल्या तिनं. मधलं सगळं सोडलं. एका पानावर जरा थांबली, माझ्याकडं बघितलं, आणि पान उलटलं. ते कालचं पान असणार. रिकाम्या जागेचं.
सरांना मराठी येत न्हाई हे एक बरं.

२० सप्टेंबर
हे म्हणाले, अगं मग पोरीचं नाव तुझ्यामुळं गेलं होतं. मी म्हणलं, माझ्यामुळं परत आलं. काल मी तोंड उघडलं नसतं तर कुणाला कळलं असतं. मी मुद्दामच सांगितलं. ते दुकानात निघून गेले.
मुद्दाम न्हाई सांगितलं. पण सांगितलं तर खरं.

२२ सप्टेंबर, सोमवार
नेत्रावतीचं नाव परत घातलं. सर तिला सॉरी म्हणाले, इंग्लिशमधी, दाराकडं बघून. सहा सोमवार स्वच्छ निघाले, त्या सहा दिवसांचे आकडे धरून प्रोजेक्ट उभा राहतो म्हणे. छोटा, पण उभा. आईच्या रीतीवर उभा हाय. हे कुणी म्हणालं न्हाई, मीच म्हणायले.
वही मागायला गेले. पुरावा हाय, स्पर्धा होईपर्यंत सरांच्या कपाटात कुलपात राहणार. प्रशांतची वही बघितली मी, निम्म्या तारखा न्हाईत. सरांच्या रजिस्टरमधी तर जुलैपासून नुसत्या सह्या. तारखा घालून लिहिणारी एक मीच निघाले.
मग माझं नाव वर यायला काय हरकत हाय. मार्गदर्शन नको. नोंदी म्हणून येऊ दे.

३० सप्टेंबर
नेत्रावतीला भाकरी दिली. घेतली तिनं. त्या पानाबद्दल बोलली न्हाई. मी पण न्हाई. जाताना म्हणाली, अक्का, पान आठ तारखेला उघडतंय, तुमचं नाव मी स्वतः घातलंय.
मल्लेश्वरीला फोन करून तारीख सांगितली.

८ ऑक्टोबर
पान उघडलं. भार्गवीनं कॉम्प्युटरवर दाखवलं आणि एकेक ओळ कन्नडमधी सांगितली. टीममधी तिघांची नावं, नेत्रावतीचं दुसरं. गाइड सर. अध्यक्ष न्हाईत, नारळवाले पण न्हाईत, भार्गवीनं भांडून काढले. मग माझं. पूर्ण नाव, आडनावासकट, एवढं नीट तर रेशनकार्डावर पण न्हाई.
नावापुढं: फ्लास्क धुणे, निर्जंतुकीकरण. त्याखाली: ६ ऑगस्ट ते १८ सप्टेंबर, सोमवार वगळून, दोन नंबरच्या फ्लास्कमध्ये यांनी जंतू मिसळले, त्या दिवसांचे निकाल धरलेले नाहीत. त्याखाली: या तारखा यांच्याच रोजच्या नोंदीतून मिळाल्या, त्यामुळे उरलेले निकाल वाचले. त्याखाली माझ्या वहीच्या एका पानाचा फोटो. टिकांचं पान, नशीब.
मी म्हणलं मधली ओळ काढता येत न्हाई का. भार्गवी म्हणाली, अक्का, नियमच तसा हाय, केलं ते लिहायचं. मीच तिला म्हणले होते, नियम म्हणजे नियम.
मल्लेश्वरीचा फोन आला. तिच्या नातीनं वाचून दाखवलं म्हणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिनं इचारलं, दह्याचं भांडण झालं का काय कॉलेजात. मी म्हणलं, रेंज न्हाई.
घरी हे म्हणाले, आलं का नाव. आलं म्हणलं. बरं झालं म्हणाले. टायर फिरवत राहिले. यांनी अजून काही इचारलं असतं तर मी चिडले असते, न्हाई इचारलं तरी चिडले.

१३ ऑक्टोबर, सोमवार
पोरं बेंगलोरला गेलीत. सर उद्या निघणार. कॉलेजात जरा शांत.
ठरवलं: लिहिणं बंद. हे शेवटचं.
सकाळी चौदा फ्लास्क घासले. मागच्या रांगेत दोन नंबरचे सात, पुढच्या बॅचसाठी भरून ठेवलेले. प्रत्येकावर नवी पट्टी चिकटवली हाय. मला वाटलं इंग्लिश असेल, मी कशाला बघते. पण बघितलं. मराठी. "अक्का, हे कोरंच राहू द्या."
सातही पट्ट्यांवर तेच. भार्गवीचं अक्षर माहीत हाय, नेत्रावतीचं पण माहीत हाय. हे त्यांचं न्हाई. गोल, वळणदार, जुन्या शाळेचं, ऱ्हस्वदीर्घ सगळं जागच्या जागी. खाली सरांची सही.
एवढं चांगलं मराठी येतं माणसाला.
म्हणजे बिनमिठाच्या पिठल्याचं पण वाचलं.